चाकं नकोत, आरसाही नको

आमचं औषधांचं दुकान आहे असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस डोकेदुखीची गोळी मागतो. परतूरचा माणूस मागत नाही. आमच्याकडे औषध म्हणजे कपाशीवर फवारायचं औषध. विषाला औषध म्हणून म्हणून त्याची भीतीच मेली आहे. रिकामा डबा घासून त्यात डाळ भरायची, खोक्याच्या फळ्या ठोकून पाट करायचा, आणि दुकानातून आत आलेल्या माणसानं हात न धुता सुपारी कातरायची. पुढं दुकान आणि मागं घर, मधे एक पडदा. तो वास मला लग्नानंतर सहा महिने झोपू देत नव्हता. नंतर तो येईनासा झाला, म्हणजे माझंही नाक मेलं.

मी जालन्यात वाढले. लग्नाआधी तिथल्या एका बालवाडीत शिकवत होते आणि त्यासाठी औरंगाबादला जाऊन एक छोटं प्रशिक्षण घेतलं होतं. तिथल्या बाईंनी दोन गोष्टी अशा सांगितल्या की त्या डोक्यातून गेल्या नाहीत. एक, मुलाच्या हातात जे द्याल ते तोंडात जाणारच असं धरून चाला. दुसरी, खेळण्याला मुलगा-मुलगी नसते, ती आपण चिकटवतो. सासरी यातलं काही बोलले की सासूबाई म्हणायच्या, "शिकेल-सवरेल सून हे बाबा आमची, ऐकून घ्या." ऐकून कुणीच घेत नसे.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. मुलगी सहा वर्षांची होती, मुलगा चार पुरे झालेला. मुलीला भातुकलीचा कंटाळा होता. तिला दार लावायचं, दार उघडायचं, कोण आलं म्हणून दरडावून विचारायचं, एवढंच आवडायचं. मुलाला मात्र चहा करायचा असे. नारळाच्या करवंटीत पाणी, चिमूटभर माती, फुंकर घालून उकळवणं, आणि मग घरात ज्याला त्याला नेऊन देणं. आजीला द्यायचा, बापाला द्यायचा, पडद्यातून पुढं जाऊन गिऱ्हाइकालाही द्यायचा. समोरच्यानं प्यायल्याचं सोंग करेपर्यंत तो हलत नसे. "गोड झाला का?" असं विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत राहायचा. एवढ्या मायेनं मला त्या घरात दुसऱ्या कुणी काही विचारल्याचं आठवत नाही.

सासूबाईंना ते बघवत नव्हतं. "पोरगं चूल मांडून बसून राह्यलं. उद्या बांगड्या मागल." नवरा सुरुवातीला हसायचा. पण एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, वारस का सून?" आणि दुकानातले सगळे खो खो हसले. त्या दिवशी त्यानं पोराच्या हातातली करवंटी काढून रस्त्यावर फेकली. पोरगं रडलं नाही. ते करवंटी आणायला रस्त्यावर निघालं तेव्हा मी त्याला धरलं.

मला त्या दिवसापासून एकच गोष्ट हवी होती. त्याचा तो चहा त्याच्याकडून कुणी काढून घेऊ नये. पुरुषांच्या त्या घरात एक तरी पुरुष असा निघावा, ज्याला दुसऱ्याला काय हवं ते विचारता येतं. त्यासाठी दोघांना मिळून खेळता येईल असं बाहुल्यांचं घर आणायचं मी ठरवलं. उघड्यावर चूल मांडली की लोक हसतात. चांगलं विकतचं खेळणं असलं की हसत नाहीत, असा माझा हिशेब होता.

माहेरी गेले तेव्हा जालन्यात खेळण्यांच्या दुकानात शिरले. दुकानदार म्हाताराच होता, गालात पान. "बच्ची के वास्ते होना ना, भाबी?" म्हणत त्यानं प्लास्टिकचं एक गुलाबी घर काढलं. गुलाबी भिंती, गुलाबी जिना, वर आरशाचं टेबल आणि खाली गॅसपाशी उभी केलेली एक बाई. तिचे पाय गॅसच्या ओट्याला चिकटवूनच टाकलेले होते, म्हणजे तिला दुसरीकडे न्यायची सोयच नव्हती. मी बोट ओलं करून भिंतीवर घासलं तर बोट गुलाबी झालं. मी ते म्हाताऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "धोने से जाता नईं भाबी, आप बिलकुल फिकर मत करो." मुलासाठीही हवंय म्हटल्यावर त्यानं ते घर उचलून ठेवलं आणि ट्रक काढला. दुसरं एक पत्र्याचं घर होतं, त्याच्या कडा ब्लेडसारख्या. मी काहीच घेतलं नाही. बरोबर आलेली आई रस्त्यात म्हणाली, "तुला खेळणं घ्यायचंय का जावई बघायचाय?"

मग परतूरच्या सुताराकडे गेले. सुतार आमच्याच गिऱ्हाइकांपैकी, शेतीही करायचा. मी सांगितलं, दोन मजली, समोरून उघडं, कडा घासलेल्या, आणि रंग अजिबात नको.

"बिनरंगाचं लाकूड नागडं दिसतंय, बाई. हिरवा ऑइलपेंट मारून देतो की."

"नको. मुलं तोंडात घालतात."

"बरं. पोरीचं हे का पोराचं?"

"का?"

"पोरीचं असंल तर आरसा बसवतो. पोराचं असंल तर खाली चाकं लावतो."

"दोघांचं आहे. चाकं नकोत, आरसाही नको."

त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मंग एका बाजूनंच चाकं लावतो." मी हसले. आज लिहितानाही मला त्याचं हसू येतं. सगळ्या प्रकरणात हसण्यासारखं तेवढंच घडलं.

लाकूड कुठलं यावरून मात्र घरात वाजलं. नवरा म्हणाला, दुकानात एवढी खोकी पडली आहेत, त्याच्या फळ्या दे. मी म्हटलं, त्या फळ्यांत औषध मुरलेलं असतं. तो म्हणाला, त्याच फळीच्या पाटावर बसून तू रोज जेवतेस. हे खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. शेवटी सुतारानं बाभळीचं आणि सागाचं उरलेलं लाकूड जमवून घर केलं. मी त्या घराला जवसाचं तेल चोळलं, तीन-चार दिवस ऊन दिलं, पुन्हा चोळलं. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. "माणसाच्या भाजीला तेल पुरना आन् हिचं लाकूड तेल पिऊन राह्यलं."

बाहुल्या मी घरीच शिवल्या, धुतलेल्या जुन्या धोतराच्या, आत सरकी काढलेला कापूस. चार बाहुल्या. डोळे आणि तोंड काळ्या दोऱ्यानं काढलं. मिशा नाहीत, कुंकू नाही, कपडे चौघांना सारखेच. कोण आई, कोण बाप हे मुलांनी रोज ठरवावं, अशी माझी कल्पना. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन बाहुल्यांच्या कपाळाला टिकल्या. सासूबाई म्हणाल्या, "मोकळ्या कपाळाची बाई घरात ठिवायची न्हाई. अपशकून हे." मी म्हटलं, आत्याबाई, ती बाई आहे असं कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, "मिशा कुठं हेत तिला?" आमच्याकडे ज्याला मिशी नाही ती बाई, आणि जिला टिकली नाही ती विधवा. मधे काही शिल्लकच नाही. मी टिकल्या काढायची, त्या चिकटवायच्या. असं महिनाभर चाललं, मग मी सोडून दिलं.

पण मुलं खेळली. ते खेळणं आठवलं की आजही जीव गोळा होतो. मुलगी वरच्या मजल्यावर बाहुली बसवून दार लावल्याचं सोंग करायची. मुलगा खाली चहा करायचा, वर न्यायचा, "गोड झाला का?" विचारायचा. ती कधी नुसतं "हं" म्हणायची, कधी मालकिणीसारखी "फिक्का" म्हणून परत पाठवायची, आणि तो खरंच पुन्हा करायला बसायचा. मला वाटलं, मी जिंकले.

नवऱ्यानं ते चार-पाच आठवडे पाहिलं. मग एका रविवारी बाजार उठल्यावर तो पोराजवळ जाऊन बसला. मला आत ऐकू येत होतं. "हे खालचं दुकान करू. तू शेठ. वर घर, तिथं ताई सैपाक करंल. तू खाली गल्ल्यावर बसायचं." त्यानं पुठ्ठ्याचं शटर केलं. सिगारेटच्या पाकिटाचा गल्ला केला. बाप कधी नव्हे तो शेजारी बसलेला, पोरगं आनंदानं फुलून गेलं. आणि दुकान म्हटलं की माल हवा. नवऱ्यानं पुढून सॅम्पलच्या बोटभर बाटल्या आणल्या, सात-आठ असतील, आणि खालच्या मजल्यावर रांगेत लावून दिल्या.

मी बाहेर आले आणि त्या ओच्यात गोळा करायला लागले. तो म्हणाला, "रिकाम्या हेत. धुतल्यात."

"धुतल्या तरी नकोत. मी लाकडाला रंग लावू दिला नाही, आणि तुम्ही हे आत ठेवता?"

"औषधाच्या दुकानात जन्मलं पोरगं हे. बाटलीला भिऊन राह्यलं तर उद्या धंदा कोण करंल?"

मी बाटल्या माळ्यावर ठेवल्या. दोन दिवसांनी त्या पुन्हा खाली आल्या. मी पुन्हा ठेवल्या, पुन्हा आल्या. टिकल्यांच्या वेळी झालं तेच झालं. फरक एवढाच, की या वेळी सोडून द्यायला नको होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी दुकानाबाहेरच्या माणसाला माहीत नसते. कपाशीचं औषध पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. नकली माल असला तर नीट होत नाही. म्हणून गिऱ्हाईक शंका घ्यायला लागलं की नवरा काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचा, दोन थेंब सोडायचा आणि पेला उजेडात धरायचा. "बघा. दूध झालं का न्हाई? एकदम बराबर माल हे." दिवसातून चार वेळा तरी हे व्हायचं. पोरगं पडद्यापाशी उभं राहून ते बघायचं. या धंद्यात पोरानं बापाचा हात बघूनच शिकायचं असतं, आणि ते शिकत होतं.

त्या दुपारी मी दळण घेऊन गिरणीत गेले होते. वीज गेली म्हणून तिथंच बसून राहिले. सासूबाई घरी होत्या, त्यांचा डोळा लागला होता. नवरा पुढं दुकानात. परत आले तर मुलगी बाहुल्यांच्या घरासमोर ओणवी झालेली, तोंडातून लाळ गळतेय, अंग घामानं भिजलेलं, हाताची बोटं आपोआप उडताहेत. जमिनीवर उलटी. मुलगा तिच्या शेजारी उकिडवा बसलेला. त्याच्या हातात भातुकलीतलं बुडकुलं होतं आणि त्यात पांढरं पाणी.

"काय दिलंस तिला?"

"चहा," तो म्हणाला. "दूध घालून. गूळ बी घातला."

बापानं त्याला शेठ केलं होतं, पण चहा काही त्यानं सोडला नव्हता. खेळातल्या दुकानातला माल घेऊन तो वरच्या घरात चहा करायला बसला होता. एका बाटलीच्या तळाशी औषध राहिलेलं होतं. त्यानं बापासारखं पाण्यात सोडलं, बापासारखं उजेडात धरलं असेल, आणि दूध झालं. ताई नेहमी फिक्का म्हणते म्हणून स्वयंपाकघरातून गुळाचा खडा आणून टाकला. ती दोन घोट प्यायली. वास कसा आला नाही, असं नंतर लोक विचारायचे. ज्या घराच्या भिंतींनाच तो वास, त्या घरातल्या पोरीला तो वेगळा कसा येणार?

ओळखीच्या जीपमधून आम्ही तिला जालन्याला नेलं. वाटेत ती माझ्या मांडीवर दोनदा ताठ झाली. डॉक्टरांनी कुठलं औषध म्हणून विचारलं तेव्हा नवऱ्यानं नाव सांगितलं, आत काय असतं ते सांगितलं, आणि फवारणीच्या एका पंपाला किती टाकतात तेही सवयीनं सांगून टाकलं. डॉक्टरांनी वर बघितलं. "मुलीच्या हाती कसं लागलं?" नवरा म्हणाला, "खेळता खेळता लागलं, साहेब." बाटल्या कुणी लावून दिल्या ते त्यानं सांगितलं नाही. मीही तेव्हा सांगितलं नाही, मला फक्त इंजेक्शन लागू पडायला हवं होतं.

ते लागू पडलं. पोरगी वाचली. आठवड्यानं आम्ही घरी आलो तेव्हा बाहुल्यांचं घर जागेवर नव्हतं. सासूबाईंनी ते फोडून आंघोळीच्या बंबात घातलं होतं, बाहुल्यांसकट. बाटल्या मात्र नीट पुढं दुकानात परत गेल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. त्या सगळ्या खेळण्यात विष नसलेली वस्तू एकच होती, आणि ती त्यांनी जाळली.

मग पोरीला बघायला पाहुणे यायला लागले. आमच्याकडे आजारपण बघायला येणं म्हणजे गोष्ट ऐकायला येणं असतं. येणाऱ्याला खाटेवर बसवायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. सासूबाई सांगायच्या. "ह्यानं चहा करून पाजला बहिणीला. पोराच्या हाती चूल दिली न्हाई का हिनं, त्याचं फळ. पोरीच्या जातीला कळतं काय टाकावं, काय न्हाई. पोराला काय कळल?" पाहुणे पोराकडे बघायचे. कुणी म्हणायचं, "बाबा, ताईला मारत व्हता का रे?" थट्टेनंच म्हणायचं. तो भिंतीला टेकून सगळं ऐकायचा. मी त्याला उठवून आत नेलं की थोड्या वेळानं तो आपणहून परत तिथंच येऊन बसायचा. टेंभुर्णीचे पाहुणे आले, परभणीचे आले, गल्लीतल्या बाया आल्या. प्रत्येकासाठी नव्यानं. त्या गोष्टीत दुकान नव्हतं, बाप नव्हता, पेल्यातलं दूध नव्हतं. फक्त तो होता आणि मी होते.

एकदा मी पाहुण्यांसमोरच म्हटलं, बाटल्या कुणी आणल्या तेही सांगा की. नवरा उठून पुढं गेला. सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव चारचौघांत काढती. पोरगं काय शिकल असल्या आईपासून?" त्या घरात खरं बोलणारीच दर वेळी उद्धट ठरली, आणि याचा राग मला अजून आहे. तो मी देवाला वाहिला नाही, म्हातारपणाला दिला नाही. ठेवलाय.

पाहुण्यांचं येणं थांबलं तेव्हा पावसाळा आला होता. एका दुपारी मी त्याच्यासमोर नवी करवंटी ठेवली, पाणी ठेवलं. त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले. मी म्हटलं, "मला चहा दे ना रे." त्यानं मान हलवली आणि उठून दुकानात बापाजवळ जाऊन बसला. नवऱ्याला केवढा आनंद झाला. त्या दिवसानंतर मुलगा स्वयंपाकघरात आला नाही. तहान लागली तर उंबऱ्याबाहेर उभा राहून पाणी मागायचा. मला ताप असला, घरात दुसरं कुणी नसलं, तरी उंबऱ्यापाशी येऊन थांबायचा, आणि मग शेजारच्या काकूंना बोलावून आणायचा. मोठा झाला, कॉलेज अर्धवट सोडून दुकानात बसला. धंद्यात चोख, पण पेल्यातलं दूध त्यानं कधी गिऱ्हाइकाला दाखवलं नाही. नवरा म्हणायचा, याला गिऱ्हाईक पटवता येत नाही.

तो एकवीस-बावीसचा झाला तेव्हा भोकरदनकडचं, पिंपळगाव रेणुकाईचं एक स्थळ आलं. आम्ही मुलगी बघायला गेलो. आमची मुलगीही सासरहून आली होती, भावाच्या शेजारी बसली होती. सासूबाई थकल्या होत्या, पण आवाज तोच. त्या मुलीच्या वडलांना सांगत होत्या, "आमचं पोरगं लई मर्दानी. सैपाकघरात पाय ठिवत न्हाई. आजपतुर कुणाला कप उचलून दिला न्हाई त्यानं." बैठकीतल्या माणसांनी माना डोलावल्या. मुलीचे वडील म्हणाले, "असाच पाह्यजे."

नवरी मुलगी चहा घेऊन आली. सगळ्यांनी कप उचलले. माझ्या मुलानंही घेतला, पण तोंडाला लावला नाही. तो बहिणीकडे बघत होता. ती कुणाशी तरी बोलत, हसत, मधे मधे घोट घेत होती, तिचं लक्षही नव्हतं. तिनं घोट घेतला की तो तिच्या हाताकडे, बोटांकडे बघायचा. तिचा कप रिकामा झाला, तिनं तो खाली ठेवला, तरी तो बघतच राहिला. मुलीचे वडील माझ्या नवऱ्याला कौतुकानं म्हणाले, "पोरगं लाजून राह्यलं, चहा बी प्यायना." सगळे हसले, नवराही हसला, आणि माझ्या मुलानं गार झालेला कप तसाच ताटात परत ठेवला.